लेकरांचे बारीक जंत आणि घरातलं अंथरूण-पांघरूण
(आमच्या चादर-टॉवेल दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

टॉवेल बदलून मागायला येणाऱ्यांची कारणं ठरलेली असतात. रंग गेला, काठ उसवला, पाणी टिपत नाही. पण अधूनमधून एखादी आई काउंटरजवळ येऊन हळूच विचारते, "तुमच्या टॉवेलचे पांढरे दोरे सुटतात का हो? लेकराच्या ढुंगणाला चिकटलेले दिसले." नव्या टेरी टॉवेलचे दोरे पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडे सुटतात, ते आम्ही नाकारत नाही. म्हणून आधी एवढंच करा. लेकरू झोपून दोन-तीन तास झाले की बॅटरीच्या उजेडात शीच्या जागेभोवती बघा. पांढरा तुकडा तसाच पडून असेल तर दोरा. वळवळत असेल तर तो सूतकृमी, म्हणजे घरोघरी ज्याला बारीक जंत म्हणतात तो.

आम्ही डॉक्टर नाही, चादरी-टॉवेल विकणारी माणसं आहोत. गोळी कुठली आणि किती, ते डॉक्टरांनीच सांगायचं. पण या जंताचं आणि अंथरुणाचं नातं असं आहे की गोळी घेऊनही निम्मं काम चादरीपाशी अडून राहतं. तेवढं निम्मं आम्हाला नीट सांगता येतं.

रात्री काय होतं

हा जंत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात राहतो. मादी साधारण एक सेंटीमीटर लांब, नर त्याहून बराच लहान, 2 ते 5 मिलिमीटरचा. पोटात अंडी भरली की मादी रात्री, लेकरू गाढ झोपेत असताना, खाली सरकत शीच्या जागेबाहेर येते आणि तिथल्या कातडीवर अंडी घालते. एक मादी दहा हजारांच्या वर अंडी घालते. अंडी चिकट असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. खाज सुटते ती याच वेळी. लेकरू झोपेतच खाजवतं, अंडी नखांत जातात, चड्डीला लागतात, चादरीवर सांडतात.

पुढचा भाग नीट ध्यानात घ्या. ही अंडी चार ते सहा तासांत 'तयार' होतात. रात्री बाराला घातलेलं अंडं सकाळी दूध-बिस्किटाच्या वेळेला पोटात जायला तयार असतं. तोच हात बिस्किटाला लागतो, तेच बोट तोंडात जातं. गिळलेलं अंडं लहान आतड्यात फुटतं, आणि साधारण महिना-दीड महिन्याने त्यातली मादी पुन्हा अंडी घालायला बाहेर येते. एक जंत जगतो जेमतेम दोन महिने. म्हणजे नवीन अंडी पोटात गेलीच नाहीत तर जंत आपोआप संपतील. संपत नाहीत, कारण रोज सकाळी नवीन भरती चालू असते.

घरातल्या बाकीच्यांपर्यंत हे पोचतं कसं? आपल्याकडे एका खोलीत ओळीने अंथरुणं पडतात, दोन भावंडं एकाच डबल चादरीत झोपतात. सकाळी आई ती चादर उचलते आणि सवयीने गॅलरीत नेऊन दोनदा फटाफट झटकते. अंडी वजनाला इतकी हलकी की झटकल्यावर हवेत उडतात. थोडी नाका-तोंडातून आत जाऊन गिळली जातात, बाकीची फरशीवर, ताटावर, खेळण्यांवर बसतात. घरातल्या सावलीत आणि ओलाव्यात ती दोन ते तीन आठवडे जिवंत राहू शकतात. दाराची कडी, संडासातल्या मगाचा कान, नळाची तोटी, शाळेचा बाक, मोबाइलचा काच, जिथे हात लागतो तिथे ती पोचतात. मोठ्या माणसांनाही होतो हा जंत, फक्त बऱ्याच जणांना खाज येत नाही, म्हणून ते "मला काही नाही" म्हणून मोकळे होतात.

हा जंत माणसातच वाढतो. कुत्र्या-मांजरापासून हा येत नाही, तेव्हा घरच्या मांजरीला उगाच बाहेर काढू नका.

गुळावर आणि डागांवर आळ

गूळ, साखर, चॉकलेट खाल्ल्याने जंत होत नाहीत. जंताचं अंडं पोटात गेल्याशिवाय जंत होत नाही, लेकरू दिवसभर शेंगदाण्याची चिक्की खात बसलं तरी. (दात किडतील, ते वेगळं.) गालावरचे फिकट पांढरे डाग दिसले की आजी लगेच "जंत झालेत" म्हणते, ते बहुतेक वेळा कोरड्या कातडीचे असतात आणि त्यांचा जंतांशी संबंध नाही. झोपेत दात खाणं हेही भरवशाचं लक्षण नाही. रक्त कमी होणं हे अंकुशकृमीचं काम. तो रक्त पितो, बारीक जंत पीत नाही.

खरी लक्षणं म्हणजे रात्रीची खाज, झोपेत चुळबुळ, चिडचिड. मुलींमध्ये जंत पुढे सरकून लघवीच्या जागी खाज, आग, कधी पांढरं पाणी जातं, क्वचित अंथरुणात लघवी होते. मुलीच्या बाबतीत हे असेल तर गोळी आणण्याआधी डॉक्टरांना दाखवाच.

आणि लाज कसली? जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्येही बारीक जंत असतात आणि विडी घरकुलातल्या खोलीतही. शाळेत जाणाऱ्या वयात हे सर्रास होतं. लेकरू अस्वच्छ आहे म्हणून नाही, लेकरू आहे म्हणून होतं.

शीच्या तपासणीत हा जंत बहुतेक वेळा सापडत नाही, कारण अंडी शीत नसतात, कातडीवर असतात. त्यासाठी पारदर्शक चिकटपट्टीची साधी तपासणी आहे. सकाळी उठल्या उठल्या, संडास-आंघोळीच्या आधी, पट्टीची चिकट बाजू त्या जागेवर हलकेच दाबायची आणि लॅबने दिलेल्या काचेवर चिकटवून द्यायची. लागोपाठ तीन सकाळी केली तर बहुतेक सापडतोच.

शाळेत गोळी दिली, तरी पुन्हा कसे झाले?

हा प्रश्न आम्ही सगळ्यांत जास्त ऐकतो. 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. 2015 पासून 1 ते 19 वयाच्या मुलांना शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात, आणि ऑगस्टमध्येही फेरी असते. गोळी चांगली आहे, ती अवश्य घेऊ द्या. पण ती मोहीम मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी आखलेली आहे, म्हणजे मोठे गोल जंत, चाबूककृमी, अंकुशकृमी. त्यांना तयार व्हायला मातीत दिवस काढावे लागतात. बारीक जंताला माती लागतच नाही, त्याला चादर पुरते.

त्या गोळीने लेकराच्या पोटातले बारीक जंतही मरतात. पण घरातल्या आई-बाबांनी, ताईने, आजोबांनी गोळी घेतलेली नसते. चादर तीच असते. आणि गोळी जंत मारते, अंडी मारत नाही. मग काही आठवड्यांनी खाज परत येते आणि दोष सरकारी गोळीला लागतो. गोळी खोटी नव्हती, एकट्याला दिली हे अपुरं पडलं.

म्हणून डॉक्टर सहसा दोन गोष्टी सांगतात. एक, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यायचं, खाज असो वा नसो. दोन, दोन आठवड्यांनी दुसरा डोस, कारण मधल्या काळात पोटात गेलेल्या अंड्यांतून निघालेले नवे जंत अंडी घालण्याआधीच मारायचे असतात. दुसरा डोस बुडवणारे खूप, कारण तोवर खाज थांबलेली असते. अल्बेंडाझोल, मेबेंडाझोल, पायरेंटेल ही नेहमीची औषधं आहेत. दोन वर्षांखालचं बाळ, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई यांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका. वावडिंग-ओव्याच्या काढ्यावर विसंबून महिना घालवू नका. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा सिव्हिलच्या मुलांच्या विभागात दाखवलं तरी चालतं. शीत रक्त, वजन घटणं, गांडुळासारखा लांब जंत पडणं, किंवा दोन्ही डोस होऊनही खाज राहणं, यांपैकी काही असेल तर दाखवायचंच.

औषधाचा दिवस पाण्याच्या दिवशी धरा

ही आमची स्वतःची सूचना. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. औषध भलत्याच दिवशी घेतलं तर सगळ्यांची अंथरुणं धुवायला पाणी कुठून आणायचं? म्हणून डॉक्टरांना विचारून गोळीची तारीख पाण्याच्या दिवसाला जुळवा. रात्री गोळी घ्या, सकाळी पाणी आलं की धुणं काढा. दुसऱ्या डोसचंही तसंच बघा, एक-दोन दिवस इकडे-तिकडे होत असतील तर डॉक्टरांना विचारून ठरवा.

त्या सकाळी चादर झटकायची नाही. चारही कोपरे आत घेऊन अलगद गुंडाळायची आणि थेट बादलीत. चड्ड्या, रात्रीचे कपडे, उशांचे अभ्रे, टॉवेल, लेकराचं कापडी खेळणं, सगळं त्याच दिवशी. पातळ सुती कापड हाताला सोसवणार नाही इतक्या गरम पाण्यात भिजवा, काठीने ढवळा. पाणी कमी असेल तर आधी चड्ड्या आणि खालची चादर धुवा, बाकीचं मागून. मग गच्चीवर ऊन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्या कोरड्या उन्हात अंडी टिकत नाहीत. दोन्ही बाजू उलटून वाळवा. पावसाळ्यात कापड दमट राहतं, तेव्हा कडक इस्त्री फिरवा.

झाडू मारण्याऐवजी त्या दिवशी फरशी आणि कपाटांच्या कडा ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं लगेच गरम पाण्यात टाका.

पुढचे दोन आठवडे घरातली शिस्त थोडी कडक ठेवावी लागते. लेकराची नखं बोटाच्या मांसापर्यंत कापलेली हवीत. उन्हाळ्यात आपण पोरांना नुसतं बनियन घालून झोपवतो; ते बंद. रात्री अंगाला बसणारी सुती चड्डी घाला, म्हणजे बोट थेट तिथे जात नाही. सकाळी उठल्यावर पहिलं काम ढुंगण साबणाने धुणं किंवा आंघोळ, आणि नवी चड्डी. दूध त्यानंतर. आंघोळ संध्याकाळी घालायची पद्धत असेल तर एवढे दिवस ती सकाळी घाला, कारण अंडी रात्री घातलेली असतात. दोन भावंडांना एका टबात बसवू नका. हात साबणाने घासून धुवा, भाकरी थापण्याआधी आईनेसुद्धा, आणि नखांच्या खालूनही. हाताला लावायचं सॅनिटायझर इथे चालत नाही. साबणही अंडी मारत नाही, पण धुऊन काढतो, तेवढं पुरतं. शाळा बुडवायची गरज नाही. बाईंना कानात सांगून ठेवलं तर दुसऱ्या आयाही बघतील.

आमच्या मालाबद्दल

यासाठी नवी चादर विकत घ्यायची काही गरज नाही. हे आमच्या धंद्याच्या विरुद्ध आहे, पण खरं आहे. 'जंतुरोधक' म्हणून जास्त पैशाला विकला जाणारा टॉवेल या जंताला रोखत नाही.

टॉवेल मात्र प्रत्येकाचा वेगळा हवा. एकाच रंगाचे चार घेतलेत तर कोपऱ्यात वेगवेगळ्या रंगाचा दोरा घालून देऊ, त्याचे पैसे नाहीत. जुने टॉवेल घेऊन आलात, धुतलेले, तरी घालून देऊ.

जाड सोलापुरी चादर आणि गोधडी दर दोन दिवसांनी धुवायला कुणालाच जमणार नाही. त्यासाठी दोन उपाय. लेकराच्या खाली आणि अंगावर आधी पातळ सुती चादर किंवा आईचं जुनं लुगडं घाला, ते वरचेवर धुवा, जाड चादर त्यावरून. किंवा जाड चादर गुंडाळून पिशवीत बांधा आणि महिनाभर वापरूच नका. तेवढ्यात अंडी आपोआप मरतात. गड्ड्याच्या यात्रेला येणाऱ्या पाहुण्यांसाठी पेटीत वर्षभर ठेवलेल्या चादरींची म्हणूनच काळजी नको.

गडद रंगाची जाड चादर उकळत्या पाण्यात टाकू नका, लाल आणि काळा रंग पांढऱ्या पट्ट्यांत उतरतो. ती साध्या पाण्यात साबणाने वेगळी धुऊन सलग दोन दिवस ऊन द्या. उकळून रंग गेला तर चादर बदलून मिळणार नाही.