दात्यांच्या रुळावरून धरण चढणारी इकावाची गाडी

खंडाळ्याच्या घाटात गाडीला मागून जोर लावणारी बँकर इंजिनं आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. तिथला चढ 37 मीटरमागे 1 मीटर. जपानच्या शिझुओका प्रांतात ओइगावा रेल्वेचा इकावा मार्ग आहे. त्याच्या एका टप्प्यात चढ 11 मीटरमागे 1 मीटर, म्हणजे हजार मीटरला 90 मीटर इतका आहे. दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या गाड्या सोडल्या, तर जपानमध्ये रेल्वेला एवढा उभा चढ दुसरीकडे कुठेही नाही.

हा चढ इतका अवघड का, हे थोड्या हिशेबाने कळतं. समजा इंजिन धरून गाडीचं वजन 100 टन आहे. अशा उतारावर गुरुत्वाकर्षण तिला 9 टनांच्या जोराने खाली खेचतं. वर जायचं तर इंजिनाच्या चाकांनी निदान तेवढा जोर रुळावर लावायला हवा. पण पोलादी चाक पोलादी रुळावर फक्त घर्षणाच्या आधाराने टिकतं. इंजिन 33 टनांचं असेल, तर स्वतःच्या वजनाच्या 27 टक्के जोर त्याला लावावा लागेल. कोरड्या, स्वच्छ रुळावर हे जेमतेम जमेल. पाऊस पडला किंवा रुळावर ओला पाला साचला, की घर्षण निम्म्याहूनही खाली येतं आणि चाकं जागच्या जागी फिरू लागतात. उतरताना तर धोका आणखी मोठा, कारण ब्रेकही त्याच घर्षणावर चालतो. चाकं थांबली तरी गाडी घसरत राहू शकते.

यावरचा उपाय 19व्या शतकातला आहे. रोमान आब्ट या स्विस अभियंत्याने दोन रुळांच्या मधोमध दातेरी पोलादी पट्ट्या बसवण्याची पद्धत शोधली. इंजिनाखालचं दातेरी चक्र या दात्यांत अडकून फिरतं, त्यामुळे घसरण्याचा प्रश्नच उरत नाही. इकावा मार्गावर अशा तीन पट्ट्या शेजारी शेजारी आहेत आणि प्रत्येकीचे दाते शेजारणीपेक्षा थोडे सरकवलेले आहेत. एका पट्टीच्या दात्याची पकड सुटत असताना दुसरीच्या दात्याची पकड पक्की असते. म्हणून जोर तुटत नाही आणि हिसकेही बसत नाहीत. मला या रचनेतलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच. ऊटीची गाडीही आब्टच्याच पद्धतीने कल्लारहून कुन्नूरला चढते. तिथला चढ 12ला 1, म्हणजे इकावापेक्षा किंचित सौम्य.

जपानमध्ये ही पद्धत 1893 पासून उसुई घाटात होती. 1963 मध्ये ती तिथून गेली आणि देशात आब्टचा एकही मार्ग उरला नाही. 27 वर्षांनी ती परत आली ती एका धरणामुळे. इकावा मार्गाचा जन्मच मुळी धरणांसाठी झालेला. ओइ नदीच्या खोऱ्यात जलविद्युत प्रकल्पांचं सामान नेण्यासाठी 1935 मध्ये त्याची सुरुवात झाली, 1954 मध्ये रूळ इकावापर्यंत पोचले आणि 1959 पासून तो प्रवासी मार्ग म्हणून चालू लागला. पुढे नागाशिमा धरण बांधायचं ठरलं, तेव्हा जुन्या मार्गाचा काही भाग पाण्याखाली जाणार हे उघड होतं. मार्ग बंद करणं सोपं होतं. त्याऐवजी गाडी धरणाच्या उंचीपर्यंत चढवायचं ठरलं आणि 2 ऑक्टोबर 1990 रोजी आप्तो इचिशिरो ते नागाशिमा धरण हा दीड किलोमीटरचा दातेरी टप्पा सुरू झाला. एवढ्याशा अंतरात गाडी 89 मीटर वर जाते.

विजेच्या ताराही फक्त याच टप्प्यावर आहेत. बाकीच्या मार्गावर डिझेल इंजिन चालतं. आप्तो इचिशिरो स्थानकात विजेचं खास इंजिन जोडलं जातं आणि ते बघायला प्रवासी फलाटावर उतरतात. हे इंजिन नेहमी उताराच्या बाजूला लागतं: चढताना मागून ढकलतं, उतरताना पुढे राहून गाडी रोखून धरतं. मधली एखादी जोडणी तुटली, तरी डबे खाली धावत सुटणार नाहीत. दात्यांवर चढण्याच्या जागी गाडी अगदी हळू होते, कारण चक्राचा दाता आणि पट्टीतली खाच बरोबर जुळावी लागते. तिथला सुरुवातीचा दातेरी तुकडा स्प्रिंगवर बसवलेला असतो. दाते एकमेकांवर आपटले तर तो दबतो आणि त्यांना जुळायला वाव मिळतो.

धरणाच्या वर गेल्यावर ओकुओइकोजो स्थानक येतं. जलाशयात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर ते आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पूल आहेत. पुढे सेकिनोसावा पूल दरीच्या तळापासून सुमारे 71 मीटर उंच आहे. सेन्झू ते इकावा हा पूर्ण मार्ग 25.5 किलोमीटरचा, पण त्याला पावणेदोन तासांहून अधिक वेळ लागतो. डबे अरुंद आणि बुटके आहेत, कारण आधी दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटरच होतं. रूळ 1067 मिलिमीटरवर नेले, तरी बोगदे लहानच राहिले. वळणंही फार तीव्र आहेत. आगगाडीची दोन चाकं एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. रूळ फारच वळलेला असला की एक चाक थोडं घसरतं, म्हणूनच डोंगरात चाकांचा किंचाळल्यासारखा आवाज घुमत राहतो.

डोंगर मात्र अजूनही शांत नाही. 2014 मध्ये दरड कोसळून इकावाकडचा भाग बंद पडला आणि तो पूर्ववत व्हायला मार्च 2017 उजाडला. सप्टेंबर 2022च्या वादळात ओइगावा रेल्वेच्या खालच्या मुख्य मार्गाचं, म्हणजे कानाया ते सेन्झू या मार्गाचं, मोठं नुकसान झालं.