जुना मराठी-हिंदी डेटा नव्या सर्व्हरवर आणण्याआधी

मंडळाची सभासद यादी असो की पतसंस्थेची खाती, मूळ फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. आमच्याकडे ती जशी आहे तशीच द्या. एक्सेल पुष्कळदा अक्षरांची संकेतप्रणाली (अक्षरं आकड्यांत साठवण्याची पद्धत) चुकीची धरतं, आणि सेव्ह केलं की ती चूक फाइलमध्ये कायमची बसते.

फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. इंदुरात जुनं टायपिंग बरंचसं कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये झालेलं आहे. त्यात 'राम' हा जे, के, ई अशा तीन रोमन अक्षरांत साठवलेला असतो. देवनागरी फक्त फाँटमुळे दिसते. डेटाबेस अशी फाइल बिनतक्रार घेतो, पण 'राम' शोधलं तर काही सापडत नाही. हिला फाँट-कन्व्हर्टरच लागतो. 'दिलीप'मधली पहिली वेलांटी दच्या आधी टाइप केलेली असते, म्हणून नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही. रफारही तपासावा लागतो.

दर तिसऱ्या चिन्हाला तिरकी रेघ असलेला रोमन ए दिसला, तर डेटा यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारी आजची संकेतप्रणाली) आहे, पण लॅटिन-१ (युरोपीय भाषांची जुनी प्रणाली) म्हणून वाचला जातोय. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये असा कॉलम थेट यूटीएफ-८-एमबी-४ (तिथलं पूर्ण यूटीएफ-८) केला तर घोळ पक्का होतो. आधी कॉलम बायनरी (अक्षरांचा अर्थ न लावता कच्चा डेटा) करायचा, मग यूटीएफ-८-एमबी-४. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट (साठवणीची एककं) घेतं. त्यामुळे ३० बाइटांच्या जुन्या कॉलममध्ये 'लक्ष्मीनारायण'चा 'लक्ष्मीनार' झालेला असतो. कॉलम २५ चा असेल तर आठ चिन्हांनंतर एक सुटा बाइट उरतो आणि रूपांतर तिथेच अडतं. अशा ओळी आधी वेगळ्या काढून हाताने दुरुस्त कराव्या लागतात.

नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मूळ अक्षरं गेलेली आहेत. कोणी कितीही सांगो, ती कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाहीत. जुना बॅकअप शोधा.

पोस्टग्रेस (दुसरा एक डेटाबेस) यूटीएफ-१६ (युनिकोडचीच वेगळी मांडणी) किंवा इस्की (भारतीय लिप्यांची जुनी संकेतप्रणाली) फाइल घेतच नाही; 'इनव्हॅलिड बाइट सिक्वेन्स' म्हणून थांबतं. ही तक्रार बंद करायला काही जण डेटाबेसच एसक्यूएल-आस्की प्रकारात बनवतात. कृपया तसं करू नका. तिथे तपासणीच होत नाही, आणि सहा महिन्यांनी एकाच टेबलात तीन प्रकारची अक्षरं निघतात. फाइल बाहेरच बदलून घ्यावी: यूटीएफ-१६ साठी आयकॉन्व्ह हे रूपांतराचं साधन पुरतं, इस्कीसाठी आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं यूकॉन्व्ह वापरा. फाइलच्या सुरुवातीची बीओएम ही न दिसणारी खूणही काढा, नाहीतर पहिल्या कॉलमचं नाव जुळत नाही.

काम सोपवताना मूळ फाइलसोबत पाच-दहा नावांच्या छापील नोंदी द्या. जोडाक्षरं असलेली नावं निवडलीत तर उत्तम.