जखम भरताना आहाराकडे कसं पाहावं

आमचं ड्रेसिंग जखम झाकतं, स्राव शोषतं, ओलावा राखतं. नवं मांस मात्र शरीरालाच तयार करावं लागतं आणि त्याचा कच्चा माल जेवणातून येतो. ड्रेसिंग वेळेवर बदलूनही जखम आहे तिथेच अडली असेल, तर जंतुसंसर्ग, रक्तपुरवठा आणि दाब यांच्यासोबत आहारही तपासायला हवा.

निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरतात. अंथरुणाला खिळून झालेल्या दाबजखमांसाठी (बेडसोअर) हे प्रमाण १.२५ ते १.५ ग्रॅम धरतात. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला रोज ७५ ते ९० ग्रॅम. जखमेतून खूप पाणी वाहत असेल तर त्यातूनही प्रथिनं जातात.

हिशेब चुकतो तो इथे: १०० ग्रॅम कोरड्या डाळीत २२ ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात, पण शिजल्यावर ती पाणी पिते आणि तेवढ्याच वजनात जेमतेम ७ ते ९ ग्रॅम उरतात. म्हणून डाळ कोरडी असतानाच तोला. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, २०० मिलि दुधात ६ ते ७ ग्रॅम. भूक मंदावलेली असेल तर एका बैठकीत सगळं संपवायचा आग्रह नको. १५ ते २० ग्रॅमचे चार-पाच वाटे करा.

नुसती प्रथिन पावडर देऊन भागत नाही. एकूण उष्मांक कमी पडले की शरीर तीच प्रथिनं इंधन म्हणून जाळतं. किलोमागे ३० ते ३५ किलोकॅलरी, म्हणजे ६० किलोला १८०० ते २१००, एवढं पोटात जायलाच हवं.

कोलॅजनचे (नव्या मांसाला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे) धागे घट्ट होण्यासाठी क जीवनसत्त्व आणि लोह लागतं. जस्ताच्या गोळ्या मात्र कमतरता असेल तरच. जादा जस्त तांब्याचं शोषण अडवतं, आणि कोलॅजनचे धागे एकमेकांत गुंफायला तांबं लागतं!

रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या एका आकड्यावरून आहार जोखू नका, शरीरात दाह असला तरी तो घसरतो. वजन नोंदवत राहा. प्रयत्न न करता महिन्यात ५ टक्के घटलं तर आहारतज्ज्ञांना दाखवा.

मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल, तर वरचे आकडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. मधुमेहात साखर चढलेली राहिली, तर पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत. तिथे आधी साखर आटोक्यात आणा.