स्लॉपी जो

स्लॉपी जो : गोमांसाचा खिमा कांद्याबरोबर परतून, टोमॅटोच्या आंबटगोड रसात आटवून, हॅम्बर्गरच्या गोल बनमध्ये भरून खाण्याचा अमेरिकन पदार्थ. ‘स्लॉपी’ म्हणजे गबाळा, सांडलवंड करणारा; ‘जो’ हे तिथले अगदी सर्वसामान्य पुरुषी नाव. आपल्याकडे एखाद्या पदार्थाला ‘गबाळा गणपत’ म्हणावे, तसा हा प्रकार. बन उचलला की सारण कडेने ओघळते, म्हणून शेवटी काटा हाती घ्यावा लागतो.

उगमाविषयी एकमत नाही. वादात दोन वेगळे प्रश्न एकत्र गुंतले आहेत : सुटा खिमा बनमध्ये भरण्याची रीत कुठली, आणि नाव कुठले. रीत अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातली, हे बरेचसे मान्य आहे. आयोवा राज्याच्या पश्चिम टोकाला, मिसूरी नदीकाठच्या सू सिटीत डेव्हिड हेग्लिन याने १९२४ च्या सुमारास असे सँडविच विकल्याचे सांगतात. त्याला तिथे अजूनही ‘टॅव्हर्न’ म्हणतात. त्याच राज्याच्या पूर्व कडेला, मिसिसिपीकाठच्या मस्कटीन गावी फ्रेड एंजेल या खाटकाने १९२६ मध्ये ‘मेड-राइट’ हे उपाहारगृह सुरू केले. तिथल्या सँडविचमध्ये खिमा वाफवून मोकळा ठेवतात. त्यात टोमॅटोचा रस नसतो. १९३० मध्ये सू सिटीतल्याच एका कॅफेत जो नावाच्या आचाऱ्याने त्यात टोमॅटो सॉस घातला आणि पदार्थाला त्याचे नाव पडले, ही कथा वारंवार उद्धृत होते. मात्र या जोचे आडनाव कोणी सांगत नाही, त्यामुळे ती जपूनच घ्यावी.

दुसरे मत क्यूबाकडे बोट दाखवते. हवानात होझे आबेआल या स्पॅनिश स्थलांतरिताचा ‘स्लॉपी जोज’ नावाचा बार होता. दारूबंदीच्या काळात अमेरिकन प्रवाशांची तिथे रीघ लागे. अमेरिकेतील दारूबंदी ज्या दिवशी उठली त्या दिवशी, ५ डिसेंबर १९३३ रोजी, फ्लोरिडातील की वेस्ट येथे जो रसेल याने आपला बार उघडला. त्यालाही पुढे हेच नाव मिळाले, आणि ते अर्नेस्ट हेमिंग्वेने सुचवले असे परंपरा सांगते. ओहायोतील कोशॉक्टनच्या वृत्तपत्रात १९४४ मध्ये आलेल्या एका जाहिरातीत दहा सेंटच्या ‘स्लॉपी जो’चा उगम क्यूबातला असल्याचे म्हटले होते. जाहिरात हा उगमाचा पुरावा नव्हे. पण नावाबरोबर हवानाची आठवण तेव्हाही चालत होती, एवढे त्यातून दिसते.

न्यू जर्सीचे उदाहरण याहून बोलके आहे. साउथ ऑरेंज येथे ‘स्लॉपी जो’ मागितला तर खिमा येतच नाही. राय धान्याच्या पातळ पावाचे तीन थर, मध्ये मांसाचे काप, स्विस चीज, कोलस्लॉ (कोबीची कोशिंबीर) आणि रशियन ड्रेसिंग (मेयॉनेजचा आंबटगोड सॉस) असे थंड सँडविच पुढे येते. शेजारच्या मेपलवुडचा महापौर हवानाच्या बारमधून ही कल्पना घेऊन आला, असे तिथले लोक सांगतात. एकाच बारचे नाव दोन अगदी वेगळ्या पदार्थांना चिकटू शकते, हे यावरून कळते. तेव्हा पदार्थ आयोवाकडचा आणि नाव हवानाकडचे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

कृतीत महत्त्वाची पायरी पहिलीच. खिमा कोरड्या, तापलेल्या तव्यात पसरून न हलवता तांबूस होऊ द्यावा. लगेच ढवळल्यास त्याला पाणी सुटते आणि तो भाजण्याऐवजी उकडतो. सुटलेली चरबी थोडी काढून टाकतात. मग कांदा, ढोबळी मिरची, केचप, मोहरीचा सॉस, ब्राउन शुगर आणि वूस्टरशायर सॉस घालून पंधरा-वीस मिनिटे मंद आचेवर आटवतात. (या शेवटच्या सॉसमध्ये चिंच असते, ही मराठी वाचकाला सुखद वाटणारी बाब.) कालथा तळावरून ओढला असता क्षणभर वाट उघडी राहून मग हळूच मिटली, की आच बंद करावी. बन आतल्या बाजूने भाजून घेतले तर लवकर भिजत नाहीत.

घरोघरचे फेरफार बहुतेक डब्याबंद सामानाभोवती फिरतात. मध्यपश्चिमेतील अनेक कुटुंबांत केचपबरोबर चिकन गम्बो (भेंडी घातलेले दाट सार) सूपचा डबा ओततात; त्यातल्या भेंडीने आणि तांदळाने रस दाट होतो. काही घरांत टोमॅटो सूप, तर काहींत खिमा पुरवठ्यास यावा म्हणून मूठभर ओट्स घालतात. १९६९ मध्ये हंट्स कंपनीने ‘मॅनविच’ हा तयार सॉस बाजारात आणला. त्यानंतर ‘आमच्या घरची कृती’ म्हणजे पुष्कळदा त्या डब्यात व्हिनेगर किंवा जास्तीची मोहरी, एवढेच उरले. नावेही बदलतात : नॉर्थ डकोटात ‘स्लशबर्गर’, पेनसिल्व्हेनियाच्या काही भागांत ‘विंपी’, तर ऱ्होड आयलंडच्या वूनसॉकेट गावी तिखट ‘डायनामाइट’. शाळांच्या भोजनगृहांतून हा पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या वाढला गेला आहे.

मुंबईच्या इराणी हॉटेलांतील खिमा पावाशी याचे साम्य उघड आहे, नाते मात्र नाही. खिमा पावात आले-लसूण आणि गरम मसाला असतो, साखर नसते. आणि पाव बुडवून किंवा तोडून खातात, त्यात खिमा भरत नाहीत. गोमांस वर्ज्य असलेल्या घरांत टर्कीचा खिमा किंवा शिजवलेली अख्खी मसूर वापरता येते. मसूर मात्र अंमळ कच्चट असतानाच उतरवावी, नाहीतर बनमध्ये आमटीच होते.