बीडीएससोबत दुसरी पदवी घेतली की दोन्ही रद्द?

नेरूळ-खारघरच्या डेंटल कॉलेजांत नव्या मुलांच्या कानावर हे पडतंच: बीडीएस करताना दुसरी पदवी घेतली तर दोन्ही रद्द होतात. पण यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एप्रिल 2022 मध्येच एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गांच्या असतील, तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. क्लिनिक आणि रुग्णांवरच्या ठरलेल्या कामांचा कोटा सांभाळून तेवढी सवड कुठून येणार? म्हणून इग्नू किंवा नाशिकच्या मुक्त विद्यापीठातलं बी.ए., बी.कॉम. हाच मला व्यवहार्य मार्ग वाटतो. तो अभ्यासक्रम यूजीसीमान्य आहे ना, आधी बघा. बीडीएसला दंत शिक्षणाच्या नियामकाचे नियमही लागू असतात, तेव्हा कॉलेजकडून लेखी उत्तर घ्याच. भीतीपोटी लपूनछपून प्रवेश मात्र घेऊ नका.