अणू आधी, की चुन्याची निवळी?

पानाला लावायचा चुना चमचाभर घ्यायचा, बाटलीभर पाण्यात ढवळायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी वरचं स्वच्छ पाणी हलकेच दुसऱ्या भांड्यात ओतून घेतलं की झाली चुन्याची निवळी. नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, हे मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. पण करून पाहिलेलं असतं फार थोड्यांनी. त्यातल्या हट्टी पोरांना पुढची गंमतही ठाऊक असते. न थांबता फुंकत राहिलं, तर काही मिनिटांनी दुधाळपणा ओसरायला लागतो आणि पाणी पुन्हा निवळतं. आधी तयार झालेलं कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात विरघळत नाही म्हणून पाणी पांढरं दिसतं. कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की त्याचं बायकार्बोनेट होतं आणि ते विरघळतं. माझ्या वर्गात एका मुलीने हे करून दाखवलं तेव्हा बाकीच्यांचं म्हणणं पडलं की तिचा प्रयोग चुकला!

सहावी ते आठवीच्या वयात रसायनाची सुरुवात कुठून करायची, हा वाद जुना आहे. एक बाजू म्हणते, अणू-रेणू आधी सांगा, म्हणजे पुढचं सगळं त्यावर बसवता येईल. दुसरी म्हणते, आधी विरघळणं, गाळणं, तापवणं, जड-हलकं हे हाताने कळू द्या, अणू कुठे पळून जात नाही.

या दुसऱ्या बाजूला बळ आलं ते अमेरिकेत, आणि तेही आडवाटेने. १९५६ मध्ये तिथल्या एमआयटी या विद्यापीठातले जेरोल्ड झकारियास यांनी शालेय भौतिकशास्त्राचा नवा अभ्यासक्रम हाती घेतला. पुढच्याच वर्षी रशियाचा स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह उडाला आणि अशा कामांना पैशाची ददात उरली नाही. पण हा अभ्यासक्रम शिकायला येणाऱ्या मुलांचा पाया कच्चा निघाला. मोजमाप, आलेख, प्रयोगातली चूक, यातलं काहीच हाताखालून गेलेलं नव्हतं. म्हणून उरी हाबर-शाईम यांच्या गटाने त्याआधीच्या इयत्तांसाठी वेगळा अभ्यासक्रम बांधला. त्याची सुरुवात परीक्षानळीत लाकडाच्या काटक्या तापवण्याने होते. मग वस्तुमान, आकारमान, घनता, विद्राव्यता आणि मिश्रणातून पदार्थ वेगळे करणं. अणू येतो तो या सगळ्यानंतर, आणि तेही ‘असं मानलं तर हे सगळं समजावून सांगता येतं’ अशा बेताने.

आपल्याकडे शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहावीपर्यंत विज्ञान सगळ्यांना सक्तीचं करायला सांगितलं. त्याच दशकात युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत तज्ज्ञांचा सल्ला होता की भौतिक, रसायन, जीव हे विषय माध्यमिकच्या आधीपासूनच वेगवेगळे शिकवावेत. काही वर्षं तसा प्रयोग चालला. १९७५ च्या अभ्यासक्रमात एनसीईआरटी, म्हणजे शालेय पुस्तकं काढणारी केंद्राची संस्था, पुन्हा एकत्रित विज्ञानाकडे वळली. हे सगळं कागदावरचं. खेड्यातल्या शाळेतल्या कपाटात परीक्षानळ्या असल्याच, तर त्या फुटतील या भीतीने कुलूपबंद असायच्या.

कुलूप उघडायचा एक मोठा प्रयत्न मुंबईत उगम पावला आणि नर्मदाकाठी वाढला. मुंबई महापालिकेच्या शाळांत प्रयोगांमधून विज्ञान शिकवण्याचं काम विज्ञान-शिक्षकांच्या अखिल भारतीय संघटनेचा भौतिकशास्त्र गट आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ करत होते. तो धागा पकडून १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत काम सुरू झालं. ते करणाऱ्या संस्था दोन, रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती. किशोर भारती उभी करणारे अनिल सद्गोपाल टाटा संस्थेतलं संशोधन सोडून तिथे गेले होते. पुढे दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक जोडले गेले, १९७८ मध्ये जिल्हाभरच्या शाळा आल्या आणि १९८२ मध्ये हे काम पुढे नेण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था निघाली.

त्यांच्या पुस्तकात उत्तरं नव्हती. खडूच्या कांडीवर शाईचा ठिपका देऊन ती पाण्यात उभी करा, काय दिसलं ते लिहा, असा मामला. परीक्षेत पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा, शिवाय प्रयोगाची वेगळी परीक्षा. आणि सगळ्यात धाडसाची गोष्ट म्हणजे अणू-रेणू वगळले! मुलाला आठवीपर्यंत जे स्वतः तपासता येणार नाही ते त्याच्यावर लादायचं नाही, हा त्यामागचा विचार. माझ्या मते त्या कार्यक्रमाचा सगळ्यात प्रामाणिक निर्णय हाच, आणि पालकांच्या पोटात गोळा आणणाराही हाच. नववीत गेल्यावर पोरं सूत्रं कशी लिहिणार, ही धास्ती काही अगदीच खोटी नव्हती.

१९७८ मध्येच पुण्याच्या टेल्को या मोटार कारखान्यातून रजा काढून एक तरुण इंजिनीअर होशंगाबादला गेला, अरविंद गुप्ता. तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, चतुष्फलक उभे केले. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांच्या हातून हे मराठी मुलांपर्यंत पोचलं.

होशंगाबादचं हिंदी साहित्य मराठीत आणताना मात्र एक खड्डा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. हिंदीत ‘अम्ल, क्षार, लवण’ म्हणतात. मराठीत तेच ‘आम्ल, आम्लारी, क्षार’. म्हणजे हिंदीतला क्षार लाल लिटमस निळा करतो, मराठीतला क्षार म्हणजे मीठ. हिंदी ‘परमाणु’ तो आपला अणू, आणि हिंदी ‘अणु’ तो आपला रेणू. घाईत भाषांतर केलं की पाण्याच्या रेणूचा अणू होतो आणि शिक्षकांना पत्ताही लागत नाही.

भाषेचा हा प्रश्न महाराष्ट्रात आणखी खोलवर तपासला गेला. १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला आणि महापालिकेच्या शाळांत काम करताना दिसलं की पुष्कळ मुलांना विज्ञान अडवत नाही, पुस्तकातली मराठी अडवते. ‘एकक आकारमानाच्या वस्तुमानास घनता म्हणतात’ या थाटाच्या वाक्यात घरी बोलला जाणारा एक शब्द सापडायची मारामार. त्याच वाटीत एकदा तेल आणि एकदा पाणी तोलून बघ म्हटलं, तर पोरगं मिनिटात सांगतं की पाणी जड भरलं.

होशंगाबादचा कार्यक्रम मध्य प्रदेश सरकारने २००२ मध्ये बंद केला. तीन वर्षांनी आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष होते यश पाल. त्यांनी टाटा संस्थेत असल्यापासून त्या कामाची पाठराखण केली होती. एनसीईआरटीच्या नंतरच्या पुस्तकांत ‘करून बघा’च्या चौकटी वाढल्या. अणूही राहिला. आपल्या बालभारतीच्या आठवीत ‘अणूचे अंतरंग’ हा पूर्ण धडा आहे. एनसीईआरटीच्या आठवीच्या नव्या पुस्तकात द्रव्य कणांचं बनलेलं असतं हे आधी येतं, मूलद्रव्यं-संयुगं नंतर. पण तो कणांचा धडासुद्धा खडू कुटायला आणि साखर पाण्यात विरघळवायला लावूनच पुढे सरकतो. खडूची भुकटी बोटाला लागते, विरघळलेली साखर जिभेला कळते. त्याहून बारीक काय असतं ते मात्र बाईंना तोंडानेच सांगावं लागतं.