अंदाज आकड्याचा नसतो, पट्ट्याचा असतो

जानेवारी 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने अंदाज दिला, की त्या वर्षी जगाची अर्थव्यवस्था 3.3 टक्क्यांनी वाढेल. एप्रिलमध्ये हीच संस्था सांगू लागली, की ती 3 टक्क्यांनी आक्रसेल. महासाथ कुणाच्याच गणितात नव्हती, त्यामुळे इथे दोष द्यायचा तरी कुणाला? पण असं काही आक्रित घडलं नाही, तरीही देशांविषयीचे अंदाज चुकतात.

याचं एक कारण भविष्यात नसून आजमध्येच दडलेलं आहे. हवामानाचा अंदाज बांधणाऱ्याला निदान आत्ताचं तापमान आणि हवेचा दाब मोजता येतो. जीडीपीचा, म्हणजे देशात वर्षभरात झालेल्या एकूण उत्पादनाच्या मूल्याचा, पहिला आकडा मात्र अर्धवट माहितीवर बेतलेला असतो आणि पुढे कित्येकदा दुरुस्त होतो. नायजेरियाचंच बघा. तिथे 2014 पर्यंत जीडीपीचा हिशेब 1990 हे पायाभूत वर्ष, म्हणजे किमती आणि उद्योगांचा वाटा ज्यावरून मोजतात ते वर्ष, धरून चालला होता. त्या जुन्या चौकटीत मोबाइल सेवा आणि चित्रपट उद्योग यांची धड नोंदच नव्हती. एप्रिल 2014 मध्ये पायाभूत वर्ष 2010 केलं आणि जीडीपी एकदम 89 टक्क्यांनी मोठा दिसू लागला. दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून नायजेरिया त्या खंडातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरला. लोकांचं उत्पन्न एका रात्रीत वाढलं नव्हतं, फक्त मोजपट्टी बदलली होती. जिथे उभे आहोत तेच धूसर असेल, तर पुढची वाट नेमकी कशी सांगणार?

राजकारणाचा अंदाज तर आणखी अवघड. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने 284 तज्ज्ञांची भाकितं सुमारे वीस वर्षं नोंदवून ठेवली आणि 2005 मध्ये निष्कर्ष मांडले. सर्वसाधारण तज्ज्ञ अंदाधुंद ठोकताळ्यांपेक्षा फारसा सरस ठरला नाही. त्यातही एकाच मोठ्या सिद्धांतात सगळं जग बसवणाऱ्यांपेक्षा, अनेक बाजूंनी विचार करून वेळोवेळी मत बदलणारे बरे ठरले. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण चर्चेत आवाज बहुधा पहिल्या गटाचाच मोठा असतो.

मग अंदाज मांडायचा कसा? बँक ऑफ इंग्लंडने 1996 पासून महागाईचा अंदाज पंख्यासारख्या आलेखात द्यायला सुरुवात केली. आजवरची रेषा एकच असते. आजच्या तारखेनंतर मात्र ती लाल छटांच्या पट्ट्यांमध्ये फाकत जाते. मधला पट्टा गडद, कारण तिथली शक्यता सर्वांत जास्त. कडेकडेचे फिकट होत जातात. सगळा पंखा मिळून 90 टक्के शक्यता व्यापतो, उरलेल्या 10 टक्क्यांसाठी कागद कोराच. जितकं पुढचं वर्ष, तितका पंखा रुंद.

बातमीत यातला मधला एकच आकडा येतो. 'वाढ 2.8 टक्के' असं वाचल्यावर, पट्टा 2 ते 3.5 चा आहे की उणे 1 ते 6 चा, हे विचारायलाच हवं. पहिला पट्टा ज्याचा, तो देश स्थिर आहे. दुसरा पट्टा ज्याचा, त्याला मंदीचीही तयारी ठेवावी लागेल, आणि मधला आकडा दोघांचा एकच असू शकतो.